ग्रीक शोकात्मिकेतील आत्महत्या : निवाडा कशाचा?

ग्रीक शोकात्मिका आत्महत्येला वीरकृत्य मानते की अपराध, असा प्रश्न विचारताना आपण एक गृहीत नकळत स्वीकारलेले असते. मराठी संज्ञेतील ‘हत्या’ हे पद निवाडा आधीच देऊन टाकते. ग्रीक ‘औतोखेइर’ या शब्दाचा अर्थ ‘स्वतःच्या हाताने’ एवढाच. तो स्वजनांच्या वधालाही लागू पडतो. सोफोक्लीजच्या ‘अँटिगनी’त हायमॉनच्या मृत्यूची वार्ता सांगताना दूत हाच शब्द योजतो. त्यामुळे वृंदाला विचारावे लागते : हात पित्याचा की त्याचा स्वतःचा? हात हायमॉनचाच, परंतु त्यामागे क्रेऑनने केलेल्या वधाचा संताप आहे. कृती एकाची, उत्तरदायित्व मात्र विभागलेले, हे या द्व्यर्थी शब्दातून सूचित होते.

‘एजॅक्स’ची रचना या दृष्टीने लक्षणीय आहे. सुमारे 1420 ओळींच्या या नाटकात नायक 865व्या ओळीशी मरतो. उरलेल्या भागात वाद चालतो तो त्याच्या प्रेताच्या दफनाचा. मेनेलाउस आणि अ‍ॅगमेम्नॉन दफन नाकारतात ते त्याने सेनानायकांवर शस्त्र उगारले म्हणून. स्वतःचा अंत केला, हा आरोप कोणीच करत नाही. पुढे इ. स. पू. 4थ्या शतकात प्लेटो ‘लॉज’मध्ये, काही अपवाद वगळता, अशा मृतांना एकाकी, निनावी दफन सुचवतो. शोकात्मिकेचे लक्ष मात्र मागे उरलेल्यांकडे आहे. आपले आणि मुलाचे काय होईल, हा टेक्मेसाचा प्रश्न एजॅक्सने अनुत्तरित ठेवलेला असतो. त्याच्या मृत्यूनंतर नाटक तोच प्रश्न पुन्हा उभा करते.

युरिपिडीजच्या ‘हेरॅक्लीज’मध्ये याच प्रश्नाला वेगळे उत्तर मिळते. उन्मादात पत्नी-मुलांचा वध केलेला हेरॅक्लीज मरणाचा विचार करतो. विटाळाची पर्वा न करता थिसिअस त्याला हात देतो, आणि मरणे हेच भ्याडपणाचे ठरेल, असा निर्णय हेरॅक्लीज घेतो. पूर्वी मुलांना ओढून नेणाऱ्या नौकेची उपमा आता उलटते. थिसिअसमागून जाणारी लहान होडी तो स्वतः होतो.

तेव्हा ‘वीरमरण’ की ‘पाप’ हे द्वंद्व या संहितांवर लादणे अन्यायाचे ठरेल. त्या मृत्यूचे समर्थन करत नाहीत, मृताला आरोपीही ठरवत नाहीत. हाक कोणी दिली, ती ऐकली गेली का, हाच त्यांचा नैतिक प्रश्न आहे.