स्वयंपूर्ण पाठ आणि ग्रंथपालाचे स्थान

महाविद्यालयीन विद्यार्थ्यास घरी बसून पदवीचे श्रेयांक मिळवून देणारे ऑनलाइन अभ्यासक्रम आता आपल्या विद्यापीठीय व्यवस्थेचा मान्य भाग झाले आहेत. ‘स्वयम्’ या केंद्रीय व्यासपीठावरून एखाद्या सत्रातील किती अभ्यासक्रम पुरे करता यावेत, याची मर्यादा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनी शेकडा २० अशी घातली होती; २०२१ च्या विनियमांनी ती शेकडा ४० पर्यंत नेली. शिक्षणाचा एवढा मोठा हिस्सा ज्या पाठांवर सोपवावयाचा, त्या पाठांच्या रचनेत ग्रंथपालाला कोणते स्थान आहे, हा प्रश्न केवळ ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासकांचा नव्हे. तो शिक्षणाच्या स्वरूपाविषयीचा प्रश्न असल्यामुळे प्रत्येक विषयाच्या अध्यापकाने त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

‘स्वयम्’वरील पाठाची रचना चतुष्पाद आहे. चित्रित व्याख्यान, खास तयार केलेले वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापनाच्या चाचण्या आणि शंकानिरसनासाठी चर्चेची सोय, असे तिचे चार पाद होत. रचना सुटसुटीत आहे, आणि दूरच्या गावातील विद्यार्थ्यास नामवंत अध्यापकाचे व्याख्यान तिच्यामुळे ऐकावयास मिळते, हा लाभ सामान्य नव्हे. तथापि या चार पादांत ग्रंथपाल कोठेच दिसत नाही. पाठांना संदर्भग्रंथांच्या याद्या जोडलेल्या असतात हे खरे. परंतु यादी देणे निराळे आणि यादीतील ग्रंथ विद्यार्थ्याच्या हाती पडेल अशी तजवीज करणे निराळे. ग्रंथपालाची ही अनुपस्थिती केवळ विस्मरणामुळे घडली असे आम्हांस वाटत नाही. तिच्या मुळाशी शिक्षणाविषयीची एक विशिष्ट कल्पना आहे.

ती कल्पना म्हणजे स्वयंपूर्ण पाठाची कल्पना. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले, १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, आणि १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. नोकरी करणाऱ्या, संसार सांभाळणाऱ्या, ग्रंथालयापासून दूर राहणाऱ्या विद्यार्थ्याला ग्रंथालयावाचून शिकता यावे, म्हणून स्वयं-अध्ययनाची पुस्तके काळजीपूर्वक सिद्ध करण्यात आली. त्यामागील करुणा व कष्ट यांविषयी आदरच बाळगला पाहिजे. परंतु जी गोष्ट ग्रंथालयाच्या अभावावरील तोड म्हणून निर्माण झाली, तीच पुढे आदर्श ठरली. तोड आदर्श ठरली म्हणजे मूळ उणीव दिसेनाशी होते. आजच्या विद्यार्थ्याच्या हातातील भ्रमणध्वनीवर पुष्कळसे ग्रंथालय येऊ शकत असताही पाठाची रचना मात्र ते येऊ शकत नाही असेच गृहीत धरून चालते.

याचा परिणाम काय होतो? ज्या पाठात प्रश्न आहे, त्याच पाठात त्याचे उत्तर असते. विद्यार्थ्यास परस्परांशी न जुळणारे दोन ग्रंथ समोरासमोर ठेवण्याचा प्रसंगच येत नाही. कोणाचे म्हणणे कोणत्या आधारावर उभे आहे, हे पाहण्याची सवय त्याला लागत नाही. श्रेयांक मिळतात, पण विद्या मिळते किंवा नाही, हा संशय उरतो. आणि पदव्युत्तर वर्गात प्रबंधिका लिहावयाची वेळ आली म्हणजे तो संशय खरा ठरतो.

यावर असे म्हटले जाईल की, शोधयंत्र हाताशी असताना मध्यस्थ कशाला? डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतील चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याविषयीचे आहे, आणि शोधयंत्राने ते पुरतेपणी साधले असा समज रूढ आहे. वानगीदाखल एक साधे उदाहरण घेऊ. संतसाहित्यावरील पाठ करणारा विद्यार्थी ज्ञानेश्वरांविषयीचे इंग्रजी लेखन शोधावयास बसतो. आपल्याकडील प्रघातानुसार तो ते नाव रोमन लिपीत ‘डी’ या अक्षराने लिहितो. परंतु अनेक अभ्यासकांनी ते ‘जे’ने आरंभलेले असते, हिंदी वळणाच्या लेखनात ते ‘जी’ने येते, आणि कित्येक ठिकाणी ज्ञानेश्वर नसून ज्ञानदेव असतात. शोधयंत्राने काही पर्याय सुचविले तरी आपल्या नजरेतून काय सुटले, हे विद्यार्थ्यास कळत नाही. जुन्या मराठी ग्रंथांच्या छायाप्रती तर पुष्कळदा केवळ चित्ररूप असतात. त्यांतील शब्द यंत्रास वाचताच येत नाही. अशा वेळी अनुभवी ग्रंथपालाशी झालेले पाच मिनिटांचे बोलणे एक आठवडा वाचवते. येथे वाचणारा वेळ हा पूर्वज्ञानाचा व संवादाचा लाभ आहे. यंत्राच्या वेगाशी त्याचा संबंध थोडाच.

पाश्चात्त्य देशांत या प्रश्नाचा विचार आपल्याआधी झाला. अमेरिकेतील महाविद्यालयीन व संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने २००८ मध्ये दूरस्थ विद्यार्थ्यांसाठी मानके मान्य केली. परिसरातील विद्यार्थ्यास मिळणाऱ्या ग्रंथालयसेवेशी तुल्य अशी सेवा दूरस्थ विद्यार्थ्यास हक्काने मिळावी, हे त्यांचे मूलतत्त्व आहे. तेथील अनेक महाविद्यालयांत ग्रंथपालास अभ्यासक्रमाच्या ऑनलाइन वर्गातच सामावून घेतले जाते. हे अनुकरणीय आहे. परंतु तुल्यतेचे तत्त्व आपल्याकडे जसेच्या तसे आणता येईल काय? तुल्यता ही ज्याच्याशी करावयाची, त्याच्या मोलाइतकीच मोलाची असते. ज्या महाविद्यालयात कपाटे कुलूपबंद आहेत आणि चिठ्ठी देऊन मागितलेले क्रमिक पुस्तक एवढाच विद्यार्थ्याचा ग्रंथालयाशी संबंध आहे, तेथे तुल्य सेवेचे वचन म्हणजे तुल्य दारिद्र्याचे वचन होय. म्हणून आपल्याकडे मापदंड निराळा हवा. पाठ विद्यार्थ्यास स्वतःच्या कुंपणाबाहेर नेतो किंवा नाही, आणि बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यास वाट दाखविणारे कोणी आहे किंवा नाही, हाच तो मापदंड.

आपल्याकडे साहित्य पुरविण्याचे कार्य मोठ्या प्रमाणावर झाले आहे, हे नाकारता येत नाही. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने २०१० मध्ये महाविद्यालयांसाठी ‘एन-लिस्ट’ ही योजना आरंभली. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेस २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली. तिच्यासाठी तीन वर्षांकरिता सुमारे ६,००० कोटी रुपये व सुमारे १३,००० नियतकालिके, असा संकल्प आहे. परंतु ती आरंभी केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी योजिलेली असल्यामुळे, खाजगी अनुदानित महाविद्यालयांची परंपरा असलेल्या महाराष्ट्रातील कित्येक विद्यार्थ्यांचा प्रश्न तिने सुटत नाही. शिवाय पुरवठा म्हणजे सेवा नव्हे. मध्ययुगीन युरोपात ग्रंथ साखळीने बांधून ठेवीत. पहिल्या सूत्राचे विवेचन करताना रंगनाथनांनी त्या प्रथेचा मुद्दाम परामर्श घेतला आहे. आजची साखळी म्हणजे कोणी न सांगितलेला पासवर्ड. नियतकालिक विकत घेतलेले असते, विद्यार्थी नोंदलेला असतो, आणि दोघांची गाठ पडत नाही.

मग करावयाचे काय? पाठ तयार करणाऱ्या मंडळात अध्यापकाबरोबर ग्रंथपाल असावा. संदर्भसूचीतील प्रत्येक नोंद विद्यार्थ्यास कोठून व कशी मिळेल, हे पाहणे त्याच्याकडे असावे. प्रत्येक पाठात किमान एक स्वाध्याय असा असावा की, दिलेल्या मजकुराबाहेर गेल्यावाचून तो लिहिताच येऊ नये. चर्चेच्या व्यासपीठावर ग्रंथपालाचे नाव व ठराविक वेळ असावी. पुष्कळ महाविद्यालयांत ग्रंथपाल एकटाच असतो, तो हे सारे कसे करणार, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर एवढेच की, या तासांची गणना अध्यापनात झाली पाहिजे आणि त्यासाठी मनुष्यबळ दिले पाहिजे. एकाच विषयाचे पाठ अनेक महाविद्यालयांतील विद्यार्थी करीत असल्याने त्यांच्या ग्रंथपालांना हे काम वाटूनही घेता येईल.

स्वयंपूर्ण पाठ विद्यार्थ्यास कोणावाचून अडू देत नाही, हा त्याचा गुण म्हणून सांगितला जातो. परंतु विद्येच्या मार्गात अडणे, विचारणे आणि शोधणे हाच शिक्षणाचा गाभा आहे. जो पाठ विद्यार्थ्यास कधी अडू देत नाही, तो त्याला फार दूर नेतही नाही.