मार्गशोधन प्रणालीतील गृहीत वेग : एक चिकित्सा

'ओपन सोर्स राउटिंग मशीन' अर्थात 'ओएसआरएम' ही मुक्तस्रोत मार्गशोधन प्रणाली लिनक्स सर्व्हरवर बसविणे फारसे अवघड नाही. 'ओपनस्ट्रीटमॅप'चा प्रादेशिक नकाशा उतरवून घ्यावा, 'एक्स्ट्रॅक्ट', 'पार्टिशन' व 'कस्टमाइज' या आज्ञा क्रमाने चालवाव्यात आणि सेवा सुरू करावी. प्रणालीसोबतच्या प्राथमिक मार्गदर्शिकेत ही कृती बर्लिनच्या नकाशावर करून दाखविली आहे. तथापि प्रणालीचा खरा विवेक या आज्ञांत नसून 'कार.लुआ' या मजकूर-फाइलीत आहे. आज्ञेत तिचा केवळ नामोल्लेख येतो.

या फाइलीत रस्त्याच्या वर्गावरून वेग गृहीत धरलेला असतो : 'मोटरवे' ताशी ९० किलोमीटर, 'प्रायमरी' ६५, 'रेसिडेन्शियल' २५. नकाशात वेगमर्यादा किंवा पृष्ठभाग नोंदलेला असल्यास त्यात फरक पडतो. बर्लिनसारख्या सपाट शहरात हे खपून जाते. सह्याद्रीतील 'प्रायमरी' वर्गाचा घाटरस्ता मात्र, अशी नोंद नसेल तर, सपाटीवरील रस्त्याप्रमाणेच मोजला जातो. चढाचा हिशेबच नसतो. १३ किलोमीटरचा घाट कागदावर १२ मिनिटांत पार होतो. रुग्णवाहिकेची वेळ याच उत्तरावर ठरणार असेल, तर ही त्रुटी किरकोळ म्हणता येणार नाही.

दुरुस्तीची मुभा आहे, आणि मुक्तस्रोताचे मोल इथेच कळते. फाइलीतील आकडे बदलल्यास 'एक्स्ट्रॅक्ट'पासून सर्व प्रक्रिया पुन्हा करावी लागते. निवडक रस्त्यांचे प्रत्यक्ष वेग वेगळ्या तक्त्यात दिल्यास मात्र केवळ 'कस्टमाइज' पुन्हा चालविणे पुरते.