'समाज' या शब्दाआडची भिंत

माणसाला आपल्या भोवतीच्या माणसांविषयी किती आपलेपणा वाटतो, हे आकड्यांत मोजण्याचे एक साधन अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी तयार केले आहे. सेमूर सॅरासन यांनी १९७४ मध्ये 'सेन्स ऑफ कम्युनिटी' ही कल्पना ग्रंथातून मांडली. १९८६ मध्ये मॅकमिलन आणि चॅव्हिस यांनी तिचे चार घटक सांगितले : सदस्यत्व, प्रभाव, गरजांची पूर्ती आणि भावनिक बंध. पुढे न्यूयॉर्कमधील वस्त्यांच्या अभ्यासातून १९९० मध्ये बारा विधानांची प्रश्नावली आली. २००८ मध्ये तिची चोवीस विधानांची सुधारित आवृत्ती निघाली. ही प्रश्नावली मराठीत आणायची म्हटली तर पहिल्याच शब्दाशी थांबावे लागते.

'कम्युनिटी'ला मराठीत काय म्हणायचे? 'समाज' म्हटले तर उत्तर देणारा आपली जात धरून उत्तर देईल. कारण 'आमच्या समाजात' असे म्हणताना आपल्याकडचा माणूस बहुधा जातीविषयीच बोलत असतो. 'गाव' म्हटले तर गावकुसाबाहेर राहणाऱ्याने कोणत्या गावाविषयी सांगायचे? 'समुदाय' हा शब्द पुस्तकातला. तो चुलीपाशी कोणी उच्चारत नाही. जुन्या प्रश्नावलीतला 'ब्लॉक' तसाच ठेवावा, तर मुंबईकराला तो स्वतंत्र संडास-न्हाणीचा फ्लॅट वाटेल आणि खेड्यातल्या माणसाला पंचायत समितीचा विकासगट.

शब्दाची अडचण कशीबशी सोडवली, तरी विधानांची अडचण उरतेच. इथली बहुतेक माणसे मला ओळखतात, या आशयाच्या विधानाला 'होय' म्हटले की आपलेपणाचे गुण वाढतात. पण खेड्यात महाराला, मांगाला कोण ओळखत नव्हते? त्याने कुठे बसावे, कोणत्या पाणवठ्याला शिवू नये, हे त्या ओळखीवरूनच ठरत होते. शेजारी काय म्हणतील याची मी पर्वा करतो, हे दुसरे विधान. एका घरात ही पर्वा जिव्हाळ्याची असते, दुसऱ्या घरात दहशतीची. गुण मात्र दोघांनाही सारखेच.

भाषांतर बिनचूक झाले की नाही हे तपासण्यासाठी उलट भाषांतराची पद्धत रूढ आहे. ब्रिसलिन यांनी १९७० मध्ये तिची सविस्तर मांडणी केली. एकाने मराठीत आणायचे, दुसऱ्याने मूळ न पाहता पुन्हा इंग्रजीत न्यायचे. दोन्ही भाषांतरकार एकाच पांढरपेशा थरातले असले, तर 'कम्युनिटी'चा 'समाज' होतो आणि 'समाजा'ची पुन्हा 'कम्युनिटी' होते. परीक्षा उत्तीर्ण! शब्द सुखरूप परत येतो. त्याच्याआडची भिंत कुणालाच दिसलेली नसते.

हा दोष केवळ भाषांतरकाराच्या माथी मारता येणार नाही. सदस्यत्व म्हटले की आत कोण आणि बाहेर कोण ही सीमा आलीच, हे मॅकमिलन-चॅव्हिस यांनीही सांगितले आहे. बाहेर ठेवलेल्यांचे काय, हे मात्र प्रश्नावली विचारत नाही. न्यूयॉर्कमध्येच, कोलंबिया विद्यापीठात, डॉ. आंबेडकर ज्यांच्या हाताखाली शिकले त्या जॉन ड्युई यांनी १९१६ मध्ये समूहाच्या दोन कसोट्या दिल्या होत्या : आतल्या माणसांचे हितसंबंध किती समाईक आहेत, आणि इतर समूहांशी त्यांची देवाणघेवाण किती मोकळी आहे. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हाच विचार जातिव्यवस्थेवर रोखला. शेजारी राहिल्याने समाज बनत नाही, असे त्यांनी बजावले. प्रश्नावली पहिली कसोटी लावते आणि दुसरी सोडून देते.

म्हणून वाढलेले गुण पाहून हुरळून जाण्याचे कारण नाही. १९७८ मध्ये विद्यापीठ नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. जाळणाऱ्यांत एकी नव्हती असे कोण म्हणेल? जातपंचायतींतही एकी असते. तिच्यापासून माणसांचे रक्षण करण्यासाठी महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. एकी म्हणजे बंधुता नव्हे.

मग करावे काय? प्रत्येक विधान दोनदा विचारावे : एकदा वस्तीविषयी, एकदा गावाविषयी. दोन उत्तरांतले अंतर हेच खरे मोजमाप. त्याला पाणवठा, स्मशान, ग्रामसभा यांविषयीचे प्रश्न जोडावेत. मसुदा आधी वस्तीतल्या बायामाणसांना वाचून दाखवावा आणि त्यांना काय समजले ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. असे केल्याने मूळ साधन बिघडते, अमेरिकेच्या आकड्यांशी तुलना करता येत नाही, असा आक्षेप अभ्यासक घेतील. आक्षेप खरा आहे. पण भिंत झाकून केलेली तुलना घेऊन वस्तीतल्या माणसाने काय करायचे? ज्याला गावाने कधी आपले म्हटले नाही, त्याला 'तुला इथे किती आपले वाटते?' असे विचारायचे असेल, तर 'इथे' म्हणजे कुठे, हे आधी त्याच्याकडूनच समजून घेतले पाहिजे.