स्नायूचं वजन सांगता, कॉम्प्रेसरचं कोण सांगणार?

हवेवर चालणाऱ्या कृत्रिम स्नायूंवरचे पेपर वाचलेत, तर 'वजनाच्या मानाने प्रचंड ताकद' हे वाक्य सुरुवातीलाच भेटतं. खोटं नाही ते. मॅककिबेन स्नायू म्हणजे रबरी नळी आणि तिच्यावर विणलेली जाळी; हवा भरली की नळी फुगते, जाळी आखडते, भार ओढला जातो. पण तराजूत फक्त नळी असते हो! कॉम्प्रेसर, टाकी, व्हॉल्व्ह सगळं टेबलाखाली.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. कारखान्यात ॲक्च्युएटरला नुसतं 'किती ओढतोस' विचारून भागत नाही. 'नेमका कुठे थांबतोस' हेही विचारावं लागतं. इथे जाळीचे धागे एकमेकांवर घासतात, रबरही थोडं अडून बसतं. म्हणून भार तोच, दाब तोच, तरी आखडताना लांबी एक आणि सैल होताना दुसरी. हाच हिस्टेरेसिस. नेहमी दिलं जाणारं सोपं सूत्र आदर्श जाळी धरतं. धाग्यांचा कोन ५४.७ अंशांवर गेला की ओढ शून्य, हे ते झकास सांगतं. घर्षणाबद्दल मात्र अवाक्षर नाही.

पुढचा पेपर उघडाल तेव्हा आधी आलेख बघा. दाब चढतानाची आणि उतरतानाची, अशा दोन्ही रेषा आहेत का? एकच असेल, तर दुसरी कुठे गेली हे लेखकाला मेल करून विचारा. मी विचारते.