मुद्दाम ठेवलेली खरखर

लॅपटॉपवर आर्टुरिया या फ्रेंच कंपनीचं 'एसक्यू-८० व्ही' हे प्लगइन उघडा. एखादा भरदार प्रीसेट निवडा आणि एक स्वर दाबून धरा. हेडफोनमध्ये गाभाऱ्यातल्यासारखा नाद घुमतो. आता इफेक्ट्सचं पान उघडून तिथलं सगळं बंद करा आणि तोच स्वर पुन्हा वाजवा. उरतो तो कोरडा, जरा पातळ, कडेला किंचित खरखरणारा आवाज. आपल्यापैकी बरेच जण इथे हिरमुसतात आणि इफेक्ट्स परत चालू करतात. मला वाटतं, या वाद्याची परीक्षा खरं तर इथून सुरू होते.

कारण मूळ वाद्यात इफेक्ट्स नव्हतेच. अमेरिकेतल्या एन्सोनिक कंपनीने १९८६ साली 'ईएसक्यू-१' हा सिंथेसायझर आणला आणि पाठोपाठ त्याची वाढवलेली आवृत्ती 'एसक्यू-८०'. कंपनीच्या संस्थापकांपैकी एक बॉब यानेस. कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरमधली गाजलेली 'सिड' साउंड चिप त्यानेच घडवली होती. हाताशी असलेल्या थोड्याशा मेमरीतून जास्तीत जास्त संगीत कसं काढायचं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्या काळी मेमरी महाग होती. म्हणून ईएसक्यू-१ मध्ये फक्त ३२ वेव्हफॉर्म, तेही ८ बिटचे. एसक्यू-८० मध्ये त्यांचे ७५ झाले. हे इवलेसे तुकडे डिजिटल चिप वेगवेगळ्या गतीने वाचायची आणि त्यातून स्वर काढायची. वरच्या स्वरासाठी गती वाढली की मधले आकडे गाळले जायचे. सिनेमात धावत्या गाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं ना, कारण कॅमेऱ्याने मधले क्षण टिपलेलेच नसतात? कानाच्या बाबतीत तसंच होतं. मूळ स्वरात नसलेले भलतेच सूर आत घुसतात. याला अलायझिंग म्हणतात.

मग एन्सोनिकने पुढे प्रत्येक स्वरमार्गावर एक अ‍ॅनालॉग फिल्टर बसवला. आठ स्वर, आठ फिल्टर चिप. डिजिटल अर्ध्याने आणलेली खडबड अ‍ॅनालॉग अर्धा घासून मऊ करायचा. 'हायब्रिड' या शब्दामागे एवढीच गोष्ट आहे. हा सौंदर्याचा सिद्धांत नव्हता, खर्चाची तडजोड होती. पण त्या तडजोडीतून जो आवाज निघाला, तो निव्वळ डिजिटल वाद्यात नव्हता आणि निव्वळ अ‍ॅनालॉग वाद्यातही नव्हता.

आजच्या लॅपटॉपला यातली कुठलीच अडचण नाही. म्हणजे नक्कल करणाऱ्याला गरिबीचा अभिनय करावा लागतो. एरवी प्रोग्रामर जे अलायझिंग काढून टाकण्यासाठी डोकं खपवतात, तेच इथे जपून ठेवायचं. कुमार गंधर्वांचं एक फुप्फुस क्षयाने निकामी झालं आणि त्यानंतरच्या त्यांच्या गाण्यात छोट्या, लखलखत्या, मध्येच थांबणाऱ्या जागा आल्या, असं आपण ऐकत आलोय. दोन्ही फुप्फुसं धडधाकट असलेला गायक त्याच जागा घेतो, तेव्हा प्रश्न पडतो : याला थांबायची गरज कुठे होती? गरजेतून आलेली गोष्ट गरज नसताना उचलली, तर तिचं काय होतं?

या प्रश्नाला २०२१ साली आलेलं हे प्लगइन अर्धं उत्तर फार चांगलं देतं. इफेक्ट्स बंद ठेवून वरच्या सप्तकात जा. ते भलते सूर तिथे आहेत. फिल्टर हळूहळू मिटत आणा. खडबड कुठे विरघळते आणि कुठे अजून तग धरते, ती शिवण ऐकू येते. मूळ यंत्राच्या मेनूत सरळ न सापडणारे 'लपलेले' वेव्हफॉर्मही इथे दिले आहेत. शिवाय मूळ वाद्यात छोट्याशा पडद्यावर पानामागून पान उलटत जावं लागायचं, ती कटकट इथे गेली, याचं मला अजिबात दुःख नाही. गैरसोय म्हणजे परंपरा नव्हे.

माझी तक्रार वेगळ्या गोष्टीची आहे. प्लगइन आपल्याच नायकाबद्दल साशंक आहे. आधी मेहनतीने खरखर घडवायची आणि मग तिच्यावर रिव्हर्ब-डिलेची शाल पांघरायची, हे काय? तयार प्रीसेट चाळत जाणाऱ्या माणसाला मूळचा कोरडा आवाज भेटेलच, याची खात्री नाही. त्याला भेटतो तो ऐंशीच्या दशकाचा वास लावलेला, पण कुठल्याही आधुनिक सिंथमध्ये खपून जाईल असा आवाज.

आणि इथे आपला संबंध येतो. १९८६ साली आपल्यातले बहुतेक जण जन्मलेही नव्हते. आपण ते यंत्र पाहिलेलं नाही, तेव्हा नकलेतलं काय खरं आणि काय वाढवलेलं, हे आपला कान कशाशी ताडून ठरवणार? आपल्यासाठी हे प्लगइनच मूळ ग्रंथ आहे. अनुवादातूनच एखादा लेखक भेटलेल्या वाचकासारखी आपली अवस्था. म्हणून अनुवादकाने वाक्यं गुळगुळीत केली, तर नुकसान आपलं होतं.

तरीही मी हे वाद्य वापरतो आणि वापरा म्हणेन. फक्त एक करा. रिकाम्या पॅचपासून सुरुवात करा : एक ऑसिलेटर, एक वेव्हफॉर्म, फिल्टर, बस. पंधरा मिनिटं तेवढ्यावरच काढा. कमी सामान असलेल्या माणसाने काय विचार केला असेल, ते बोटांना कळायला लागतं. मला अशा एका रात्री एक बेस सापडला. थोडा चिरका, थोडा रागावलेला. त्याच्यावर मी अजून रिव्हर्ब टाकलेला नाही.