लेडबॅटचे सौजन्य : गौण डेटा-वहनातील गर्दी-नियंत्रणाची एक चिकित्सा

प्रस्तावना

ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा व कॅलिफोर्निया विद्यापीठाचा बर्कले परिसर यांमधील मार्गावर डेटा-वहनाचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून अवघ्या ४० बिटांवर घसरला. या अनुभवानंतर व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या गर्दी-नियंत्रणाच्या पद्धती टीसीपी या नियमावलीचा कणा ठरल्या. पॅकेट हरवले की वेग कमी करावयाचा, हे त्यांचे मूळ सूत्र होय. मात्र या सूत्रात प्रवाहाच्या निकडीला स्थान नाही. महाविद्यालयातील एकाच जोडणीवरून विद्यार्थ्याची ऑनलाइन परीक्षा आणि संगणकांची सॉफ्टवेअर-अद्यतने जात असतील, तर दोहोंचा हक्क सारखाच मानला जातो.

ज्यास घाई नाही त्याने मागे सरावे, या विचारातून टीसीपी नाइस (२००२) व टीसीपी-एलपी (२००३) यांसारख्या पद्धती पुढे आल्या. बिटटोरंटच्या वापरातून विकसित झालेली लेडबॅट ही याच परंपरेतील पद्धती डिसेंबर २०१२ मध्ये आरएफसी ६८१७ या दस्तऐवजाद्वारे प्रायोगिक दर्जाने प्रसिद्ध झाली. 'इतरांस अडथळा न करता उरलेली क्षमता वापरणे' हा तिचा दावा कितपत टिकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कार्यपद्धती

लेडबॅट पॅकेट हरवण्याची वाट पाहत नाही. प्रेषकाकडून ग्राहकाकडे जाण्यास पॅकेटला लागलेला विलंब ती मोजते. अलीकडच्या काळात आढळलेला किमान विलंब हा मार्गाचा मूळ विलंब मानून तो चालू विलंबातून वजा केला जातो. उरते ती राउटरच्या रांगेत गेलेली वेळ. ही वेळ १०० मिलिसेकंदांच्या लक्ष्याहून कमी असेल तर वेग वाढवावयाचा, अधिक असेल तर कमी करावयाचा. पॅकेट हरवल्यास मात्र टीसीपीप्रमाणेच माघार घ्यावयाची. दोन्ही संगणकांची घड्याळे जुळत नसली तरी त्यांतील फरक वजाबाकीत निघून जातो. मधल्या राउटरमध्ये कोणताही बदल करावा लागत नाही, हे या रचनेचे मोठे यश मान्य केलेच पाहिजे.

चिकित्सा

परंतु ज्या वजाबाकीत या पद्धतीचे बळ आहे, तिच्यातच तिचा दोषही आहे. मार्गाचा खरा विलंब ४० मिलिसेकंद आहे असे समजू. पहिला प्रवाह रांग १०० पर्यंत भरतो; एकूण विलंब १४० होतो. आता दुसरा प्रवाह सुरू झाला, तर तो १४० हाच मूळ विलंब समजतो व रांगेत जागा असल्यास २४० चे लक्ष्य धरतो. पहिल्यास रांग प्रमाणाबाहेर वाढलेली दिसते व तो मागे सरत जातो. नवागतास असा अनाठायी लाभ मिळतो. ही त्रुटी आरएफसी ६८१७ ने लपविलेली नाही. तथापि तीवर निश्चित उपायही दिलेला नाही. मायक्रोसॉफ्टमधील अभियंत्यांनी पुढे मांडलेल्या लेडबॅट प्लस प्लसमध्ये ठरावीक काळाने वेग अगदी कमी करून रांग रिकामी होऊ देण्याची व मूळ विलंब नव्याने मोजण्याची योजना आहे.

दुसरा आक्षेप लक्ष्याच्या मूल्याविषयी आहे. दूरध्वनी-संभाषणासाठी एका दिशेचा १५० मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब साधारणतः स्वीकारार्ह मानला जातो. त्यातील १०० एकट्या गौण प्रवाहाने घ्यावेत, यास सौजन्य म्हणता येईल का? लेडबॅट प्लस प्लसमध्ये हे लक्ष्य ६० वर आणले गेले, ही बाब बोलकी आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत मूलगामी आहे. राउटरमधील रांगा आखूड ठेवण्यासाठी कोडेल ही पद्धती आरएफसी ८२८९ द्वारे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली; तिचे लक्ष्य केवळ ५ मिलिसेकंदांचे आहे. अशा राउटरमागे लेडबॅटला १०० मिलिसेकंदांची रांग सहसा दिसतच नाही. ती पॅकेट हरवेपर्यंत वेग वाढवीत राहते, म्हणजेच जवळजवळ टीसीपीसारखी वागू लागते. जाळे सुधारले की गौण प्रवाह गौण राहत नाही, असा हा विरोधाभास आहे.

निष्कर्ष

लेडबॅटचे प्राधान्य हा प्रेषकाने आपल्या मोजमापावरून केलेला तर्क आहे; जाळ्यास त्याची वार्ता नसते. मागे केव्हा सरावे हे दूरस्थ प्रेषक ठरवितो. परीक्षार्थी विद्यार्थ्यास त्यात मत नसते. जून २०१९ च्या आरएफसी ८६२२ मध्ये गौण पॅकेटांवर स्वतंत्र खूण करण्याची तरतूद आहे. तिच्यामुळे प्रेषकाचा हेतू राउटरला उघडपणे कळू शकतो. मात्र मार्गातील राउटरांनी त्या खुणेचा मान राखला, तरच तिला अर्थ आहे. म्हणून एकाचा त्याग करून दुसऱ्याचा स्वीकार करण्यापेक्षा प्रेषकाचा संयम आणि जाळ्याची व्यवस्था यांची सांगड घालणे श्रेयस्कर होय. संयम हा गुण खराच. पण केवळ त्याच्या भरवशावर सामायिक साधनाची न्याय्य वाटणी सोपविता येत नाही.