अमर ज्योती

प्रभात फिल्म कंपनीचा हिंदी बोलपट (१९३६). दिग्दर्शक व्ही. शांताराम (१९०१–९०), कथा के. नारायण काळे, संगीत मास्टर कृष्णराव. दुर्गा खोटे (सौदामिनी), शांता आपटे (नंदिनी), चंद्रमोहन (दुर्जय), वासंती (रेखा) व नांद्रेकर (सुधीर) यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. १९३६ च्या व्हेनिस चित्रपट महोत्सवात तो दाखविण्यात आला.

कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यास आली. स्थलांतरापूर्वीचा मायामच्छिंद्र (१९३२), पुण्यात तयार झालेला पहिला बोलपट अमृतमंथन (१९३४) आणि अमर ज्योती या तिन्हींची कथानके स्वतंत्र आहेत. तथापि दिग्दर्शक एकच असून तिन्हींत अद्‌भुताच्या आडून सत्तेचा विचार केलेला असल्यामुळे ते एका मालिकेचे भाग म्हणून पाहणे उपयुक्त ठरते. मायामच्छिंद्रमध्ये जादू आहे, अमृतमंथनमध्ये राजगुरूने राजाविरुद्ध रचलेला कट आहे, तर अमर ज्योतीमध्ये चाचे आहेत.

राणीच्या राज्यात पुरुषाच्याच बाजूने झुकणारा कायदा सौदामिनीला तिच्या मुलाचा ताबा नाकारतो. ती चाच्यांची नायिका होते व राज्याशी वैर धरते. न्यायमंत्री दुर्जय ज्या जहाजातून जात असतो, त्याच्यावर ती हल्ला चढविते. त्याच जहाजात राजकन्या नंदिनीही असते. सिंहासनावर स्त्री असूनही कायदा स्त्रीला न्याय देत नाही, हा या कथेतील सर्वांत मार्मिक भाग होय.

मायामच्छिंद्रमध्येही दुर्गा खोटे स्त्रीराज्याच्या राणीच्या भूमिकेत होत्या. तेथे पाळलेला चित्ता बाळगणाऱ्या त्या राणीचे सारे वैभव अखेरीस गुरूने शिष्यासाठी उभी केलेली माया ठरते. स्त्रीची सत्ता हा एक भ्रम म्हणून पुसून टाकला जातो. चार वर्षांनंतर सौदामिनीची तक्रार मात्र कोणत्याही मंत्राने नाहीशी होत नाही. जादू वगळल्यामुळे कथेला आलेले हे गांभीर्य हा शांतारामांच्या दृष्टीतील महत्त्वाचा बदल मानावा लागेल.

कान्होजी आंग्रे (मृ. १७२९) यांना इंग्रजांनी चाचे ठरविले, मराठ्यांच्या लेखी ते सरखेल होते. चाचा कोणास म्हणावयाचे हे बव्हंशी राज्यच ठरविते, ही गोष्ट मराठी प्रेक्षकास नवी नव्हती. बोलपटाने मात्र इतिहासाचा आधार न घेता अनामिक देश कल्पिला आहे. त्यामुळे प्रश्न निर्भीडपणे मांडता आला, पण त्याचे उत्तर टाळणेही सोपे झाले. अखेरीस नंदिनी व सुधीर यांचा विवाह होतो आणि सुधीर हा सौदामिनीचाच दुरावलेला मुलगा असल्याचे उघड होते. कायद्याने हिरावलेले मूल योगायोगाने परत मिळते; कायद्याचे काय, हे विचारण्याची वेळ तोवर निघून गेलेली असते. नाटकी संवाद एक वेळ क्षम्य आहेत, ही पळवाट नाही.

दुर्गा खोटे (१९०५–९१) यांचा अभिनय हे दौर्बल्य पुष्कळसे झाकतो. त्यांच्या सौदामिनीत सूडापेक्षा दुखावलेले मातृत्व अधिक जाणवते, आणि तरीही ती दयेची याचना करीत नाही. चंद्रमोहन यांच्या भेदक डोळ्यांचा वापर अमृतमंथनमधील राजगुरूच्या वेळीच परिणामकारक ठरला होता. येथे त्याची पुनरावृत्ती होते.

त्याच वर्षी पडद्यावर आलेल्या प्रभातच्याच संत तुकारामला मिळालेल्या असामान्य कीर्तीमुळे, तसेच मराठी आवृत्ती नसल्यामुळे, अमर ज्योतीकडे मराठी समीक्षेचे लक्ष तुलनेने कमी गेले.